फोनवर नेट चालतं, लॅपटॉपवर अडतं: अँटिव्हायरसमुळे तुटणाऱ्या कनेक्शनचा शोध कसा घ्यायचा

नाशकात घरोघरी जाऊन कॉम्प्युटर दुरुस्त करायला लागून मला १४ वर्षं झाली. या काळात एक तक्रार इतक्या वेळा ऐकलीय की समोरचा माणूस पहिलं वाक्य बोलला की पुढचं मला ठाऊक असतं. "वाय-फायला रेंज पूर्ण आहे, मोबाईलवर सगळं चालतंय, फक्त लॅपटॉपवर काही उघडत नाही." अशा घरांत राउटर बहुतेक वेळा ठणठणीत असतो आणि ब्रॉडबँडवाल्याचीही चूक नसते. लॅपटॉपवरचा अँटिव्हायरस किंवा त्याच्यासोबत आलेली फायरवॉल, म्हणजे नेटवरची ये-जा तपासणारा पहारेकरी प्रोग्राम, नेट अडवून बसलेली असते.

यात लोक दोन गोष्टी करतात. काहीजण ब्रॉडबँडवाल्याशी आठवडाभर भांडत राहतात. बाकीचे कुणाच्या तरी सांगण्यावरून अँटिव्हायरस बंद करतात, नेट सुरू झालं की खूश होतात आणि तो तसाच बंद ठेवतात. ही दुसरी गोष्ट मला फार लागते, कारण त्याच लॅपटॉपवर घरातल्यांचं बँकेचं काम चालतं. अँटिव्हायरस बंद करून बघायचा तो फक्त त्याचा कोणता भाग अडवतोय हे कळण्यापुरता. तो भाग सापडला की तेवढ्यापुरती सूट द्यायची आणि बाकीचं कवच चालू ठेवायचं. खाली लिहिलेली सगळी तपासणी त्याचसाठी आहे. विंडोज १० आणि ११ दोन्हींवर ती चालते.

लक्षणं

यातली एक-दोन जरी जुळली तरी पुढे वाचा.

- लॅपटॉप "कनेक्टेड" दाखवतो, पण एकही पान उघडत नाही. त्याच वेळी त्याच वाय-फायवर फोन व्यवस्थित चालतो.
- काही साइट उघडतात, पण बँकेच्या, जीएसटीच्या किंवा परीक्षेचा फॉर्म भरायच्या साइटवर "युवर कनेक्शन इज नॉट प्रायव्हेट" असा लाल इशारा येतो.
- क्रोमवर चालतं, फायरफॉक्सवर नाही. किंवा उलट.
- नेट चालू आहे, पण घरातला वाय-फाय प्रिंटर अचानक "ऑफलाइन" झाला.
- नेट दर थोड्या वेळाने जातं आणि आपण काही न करता परत येतं.
- हे सगळं अँटिव्हायरस नवा टाकल्यावर, अपडेट झाल्यावर, त्याची मुदत संपल्यावर किंवा तो काढून टाकल्यावर सुरू झालं.

शेवटचं लक्षण सगळ्यांत बोलकं. म्हणून घरात शिरल्यावर मी पहिला प्रश्न हाच विचारतो: "बंद पडायच्या आदल्या दिवशी लॅपटॉपवर काय टाकलंत, काय काढलंत?" "काहीच नाही" असं उत्तर आलं तर विंडोजमध्ये अपडेटची यादी उघडून तारखा बघतो. बऱ्याचदा उत्तर तिथेच सापडतं.

आधी दोन मिनिटांच्या गोष्टी

फोनचा मोबाईल डेटा बंद करा आणि मग फक्त वाय-फायवर नेट चालतं का बघा. ही पायरी गाळू नका. डेटा चालू असला की वाय-फाय मेलेलं असतानाही फोनवर सगळं चालतंय असं वाटतं, आणि तासभर लॅपटॉपला दोष देत बसावं लागतं. फोनवरही नेट नसेल तर रिचार्ज संपलाय का ते पहा. फायबरच्या डब्यावर "एलओएस" चा लाल दिवा लागलाय का तेही पहा. तो लाल असेल तर बाहेरून फायबरमध्ये उजेडच येत नाहीये. ब्रॉडबँडवाल्याला फोन करा. पुढची एकही पायरी तुमच्या कामाची नाही.

मग लॅपटॉपची तारीख, वर्ष आणि वेळ बघा. प्रत्येक सुरक्षित साइटच्या सर्टिफिकेटला, म्हणजे ती साइट खरी असल्याच्या दाखल्याला, सुरुवातीची आणि शेवटची तारीख असते. कॉम्प्युटरचं वर्ष चुकलं की त्याला सगळी सर्टिफिकेट खोटी वाटतात, आणि अँटिव्हायरसही त्याच घड्याळावर विसंबून साइट अडवतो. जुन्या डेस्कटॉपवर हे हमखास दिसतं. मदरबोर्डवरचा सीआर २०३२ हा नाण्याएवढा सेल संपलेला असतो, त्यामुळे रात्री प्लग काढला की सकाळी घड्याळ मागे गेलेलं असतं. "सकाळी नेट नसतं, दुपारी आपोआप येतं" अशी एका निवृत्त मास्तरांची तक्रार होती. सेल बदलला, तक्रार संपली.

तीन पिंग

पिंग म्हणजे एखाद्या पत्त्यावर छोटासा निरोप पाठवून उत्तर येतं का ते पाहणं. या सगळ्या तपासणीत एकच गोष्ट शिकायची असेल तर ही शिका. अंदाजाचं काम इथे संपतं.

स्टार्टमध्ये इंग्रजीत "सीएमडी" टाइप करून काळी खिडकी उघडा आणि "आयपीकॉन्फिग" (ipconfig) ही आज्ञा द्या. तुमच्या वाय-फायच्या खाली "डिफॉल्ट गेटवे" म्हणून एक पत्ता दिसेल, बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असा. तो तुमचा राउटर. तिथेच "आयपीव्ही४ ॲड्रेस" पुढचा आकडा १६९.२५४ ने सुरू होत असेल तर राउटरकडून लॅपटॉपला पत्ताच मिळालेला नाही आणि विंडोजने स्वतःच एक तात्पुरता पत्ता घेतलाय. फोनला पत्ता मिळतोय आणि लॅपटॉपला नाही, तर संशय फायरवॉलवर किंवा वाय-फायच्या ड्रायव्हरवर, म्हणजे वाय-फाय कार्ड चालवणाऱ्या छोट्या प्रोग्रामवर.

आता "पिंग" लिहून एक जागा सोडा आणि पुढे एकेक पत्ता द्या.

पहिला पिंग राउटरच्या पत्त्यावर. "रिप्लाय फ्रॉम" अशा चार ओळी आल्या तर घरातला रस्ता मोकळा आहे.

दुसरा पिंग ८.८.८.८ वर. हा गूगलचा डीएनएस सर्व्हर, म्हणजे साइटच्या नावावरून तिचा आकडी पत्ता सांगणारा. इथून उत्तर आलं तर घराबाहेरचा रस्ताही मोकळा.

तिसरा पिंग एखाद्या साइटच्या नावावर. पहिले दोन चालले आणि इथे "कुड नॉट फाइंड होस्ट" आलं, तर नावाचा पत्ता शोधण्यात म्हणजे डीएनएसमध्ये घोळ आहे. काही सुरक्षा पॅकेज आपल्याच डीएनएसवर सगळं वळवतात आणि तिथेच गाडी अडते. आधी "आयपीकॉन्फिग" पुढे जागा सोडून तिरपी रेघ आणि "फ्लशडीएनएस" (ipconfig /flushdns) लिहून साठलेले जुने पत्ते पुसा, मग पुन्हा पहा.

तिन्ही पिंग चालतात पण ब्राउझरमध्ये पान उघडत नाही, तर बोट थेट अँटिव्हायरसच्या वेब तपासणीकडे किंवा प्रॉक्सीकडे, म्हणजे नेट मध्येच वळवून नेणाऱ्या मध्यस्थाकडे, जातं.

उत्तराचे शब्दही नीट वाचा. "रिक्वेस्ट टाइम्ड आउट" म्हणजे निरोप गेला, पण उत्तर आलं नाही. "ट्रान्समिट फेल्ड, जनरल फेल्युअर" म्हणजे निरोप लॅपटॉपच्या उंबऱ्याबाहेरच पडला नाही. हा दुसरा संदेश दिसला की माझा संशय जवळपास पक्का होतो. आत कुणीतरी दार लावून बसलंय: फायरवॉल, व्हीपीएन (तुमचं नेट दुसऱ्या सर्व्हरमधून नेणारा प्रोग्राम), किंवा काढून टाकलेल्या अँटिव्हायरसचा मागे राहिलेला तुकडा. मात्र काही फायरवॉल फक्त पिंगच अडवतात आणि साइट नीट उघडू देतात. म्हणून पिंग आणि ब्राउझर दोन्ही बघून मगच ठरवा.

बंद करण्याआधी अँटिव्हायरस काय म्हणतोय ते वाचा

अँटिव्हायरस उघडा आणि "रिपोर्ट", "लॉग" किंवा "हिस्टरी" अशा नावाचा भाग शोधा. नेट गेलं त्या वेळेच्या नोंदी पहा. ही पायरी लोक सर्रास गाळतात, आणि मला ती सगळ्यांत मोलाची वाटते, कारण काही वेळा अँटिव्हायरस खरंच बोलत असतो.

इंदिरानगरमधल्या एका घरी मुलीचा ऑनलाइन क्लास दर दहा-पंधरा मिनिटांनी तुटायचा. लॅपटॉप दोनदा फॉरमॅट करून झाला होता. लॉग उघडला तर ओळीमागून ओळ एकच: "नेटवर्कवर एकच आयपी पत्ता दोघांकडे आहे", आणि त्याखाली प्रत्येक वेळी राउटरचा पत्ता अडवल्याची नोंद. घरभर फिरलो. आतल्या खोलीत कपाटावर जुन्या कनेक्शनचा राउटर रेंज वाढावी म्हणून लावलेला होता. त्याचाही पत्ता १९२.१६८.१.१, मुख्य राउटरचाही तोच, आणि दोघंही पत्ते वाटत होते. एकाच पत्त्यावरून दोन यंत्रं बोलताना दिसली की अँटिव्हायरसला ती घुसखोरी वाटते, कारण चोरही असाच राउटरचं सोंग घेऊन नेटवर्कमध्ये शिरतो. तो त्या पत्त्याला थोडा वेळ बंदी घालतो, मग उठवतो. म्हणून नेट जायचं आणि आपोआप यायचं. जुन्या राउटरचा पत्ता १९२.१६८.१.२ केला, त्याची डीएचसीपी म्हणजे पत्ते वाटण्याची सोय बंद केली, आणि मुख्य राउटरची केबल त्याच्या लॅनच्या भोकात लावली. अँटिव्हायरसला हातही लावावा लागला नाही. त्या दिवशी तो बंद केला असता तर क्लास सुरू झाला असता, पण दोन राउटरची मारामारी घरात तशीच राहिली असती.

नेटवर्क "पब्लिक" झालंय का?

राउटर बदलला, वाय-फायचं नाव बदललं किंवा मोठं अपडेट झालं की विंडोजला घरचंच नेटवर्क परकं वाटू शकतं. मग ते "पब्लिक" प्रकारात जातं. पब्लिक म्हणजे रेल्वे स्टेशनवरच्या वाय-फायसारखं वागायचं, आजूबाजूच्या कुणाशी बोलायचं नाही. नेट चालतं, पण प्रिंटर आणि दुसऱ्या कॉम्प्युटरवरचं फोल्डर गायब होतं. सेटिंग्जमध्ये नेटवर्क अँड इंटरनेट, तिथे तुमच्या वाय-फायच्या प्रॉपर्टीज, आणि "प्रायव्हेट" निवडा. अँटिव्हायरसच्या फायरवॉलची अशीच वेगळी निवड असते. ती "होम" किंवा "ट्रस्टेड" करायला विसरू नका. निम्मे लोक पहिली बदलतात, दुसरी राहते. हे फक्त घरी करायचं. हॉटेलात, कॅफेत पब्लिकच ठेवा.

एकेक भाग बंद करून पाहणं

आता अँटिव्हायरसला हात लावू. पूर्ण बंद करायचा नाही. घड्याळाशेजारचं त्याचं चिन्ह दाबून आत गेलात की वेगवेगळे भाग दिसतील. एक भाग १० मिनिटांसाठी बंद करा, अडलेलं पान पुन्हा उघडा, तो भाग चालू करा, मग दुसरा. या काळात बँकेचा पासवर्ड टाकू नका, मेलमधली फाईल उघडू नका. माझा क्रम असा असतो.

पहिली, सुरक्षित साइटची तपासणी. "एचटीटीपीएस स्कॅनिंग", "वेब शील्ड" अशी तिची नावं. साइट आणि ब्राउझर यांच्यातलं बोलणं कुलूपबंद असतं. ते तपासायचं तर अँटिव्हायरसला मध्ये उभं राहून कुलूप उघडावं लागतं, आत बघावं लागतं आणि स्वतःचं कुलूप लावून पुढे द्यावं लागतं. म्हणून तो विंडोजमध्ये आपलं मूळ सर्टिफिकेट बसवतो. फायरफॉक्सची सर्टिफिकेटची यादी वेगळी असते. तिथे ते नीट बसलं नाही की फक्त फायरफॉक्स अडतो. तुमच्याकडे असं होतंय का हे पाहायला चालणारी एखादी साइट उघडा, पत्त्याच्या डाव्या बाजूचं चिन्ह दाबा आणि सर्टिफिकेट कुणी दिलंय ते वाचा. तिथे तुमच्या अँटिव्हायरसचं नाव असेल तर तो मध्ये उभा आहे. अशा वेळी तेवढ्या साइटला अपवादाच्या यादीत टाका. मात्र लाल इशारा आलेल्या बँकेच्या पानावर "तरीही पुढे जा" कधीच दाबू नका. आणि तिथे तिसऱ्याच कुणाचं नाव दिसलं तर सरळ शेवटच्या भागाकडे जा.

जीएसटी किंवा टेंडरसाठी डिजिटल सहीचं टोकन वापरणाऱ्यांनी आणखी एक लक्षात ठेवा. सही करणारा छोटा प्रोग्राम तुमच्याच कॉम्प्युटरवर चालतो आणि ब्राउझर १२७.०.०.१ या पत्त्यावर, म्हणजे स्वतःशीच, बोलून त्याच्याकडून सही घेतो. फायरवॉलला हे विचित्र वाटतं. त्या प्रोग्रामला परवानगी द्या, काम होतं.

दुसरी, फायरवॉल. अडवलेल्या प्रोग्रामच्या यादीत ब्राउझर किंवा प्रिंटरचा प्रोग्राम आहे का बघा. कधीतरी उडी मारून आलेल्या चौकटीवर घाईत "ब्लॉक" दाबलेलं असतं आणि ते कायमचं लक्षात ठेवलं जातं.

तिसरं, पॅकेजसोबत आलेलं व्हीपीएन. त्यात "किल स्विच" असतो. व्हीपीएन तुटलं की सगळं नेट मुद्दाम बंद करणं हेच त्याचं काम. त्याची मुदत संपली आणि स्विच चालू राहिला की वर सांगितलेलं "जनरल फेल्युअर" दिसू शकतं.

सुरक्षेच्या दोन्ही बाजू चोख असूनही नेट बंद पडू शकतं, याचं एक जुनं उदाहरण मी शिकाऊ मुलांना सांगतो. ८ जुलै २००८ ला मायक्रोसॉफ्टने डीएनएसमधली एक गंभीर त्रुटी बुजवणारं अपडेट दिलं. त्याबरोबर विंडोज एक्सपीवर झोनअलार्म फायरवॉल वापरणाऱ्यांचं नेट बंद पडलं. अपडेटने पत्ता विचारण्याची पद्धत बदलली होती आणि फायरवॉलला ती पचली नाही. फायरवॉलची सुधारित आवृत्ती आल्यावर प्रश्न सुटला. म्हणून लांबची मेहनत घेण्याआधी विंडोज आणि अँटिव्हायरस दोन्ही अपडेट करून पहा. फोनच्या हॉटस्पॉटवरून, किंवा तेही अडत असेल तर कवच चालू असलेल्या दुसऱ्या कॉम्प्युटरवरून फाईल आणून.

प्रॉक्सी, आणि एका घरात दोन राखणदार

सेटिंग्जमध्ये नेटवर्क अँड इंटरनेटखाली "प्रॉक्सी" उघडा. घरच्या नेटला प्रॉक्सी लागत नाही. तिथे १२७.०.०.१ असा पत्ता भरून "ऑन" असेल तर कुठल्या तरी प्रोग्रामने सगळं नेट स्वतःमधून वळवलं होतं आणि आता तो प्रोग्राम नाही. बंद करा. बंद करूनही पुन्हा आपोआप चालू झाली तर ते अँटिव्हायरसचं काम नसून व्हायरसचं असू शकतं. शेवटचा भाग वाचा.

मग विंडोज सिक्युरिटीमध्ये सुरक्षा पुरवणाऱ्यांची यादी पहा. नव्या लॅपटॉपसोबत थोड्या दिवसांसाठी फुकट आलेला एक अँटिव्हायरस, आणि दुकानातून डबा आणून टाकलेला दुसरा, असं फार घरांत दिसतं. दोघंही नेटच्या त्याच वळणावर उभे राहून एकमेकांची तपासणी करतात. एक ठेवा. पैसे भरायचे नसतील तर दोन्ही काढा. विंडोजचा स्वतःचा डिफेंडर आपोआप चालू होतो, आणि साध्या घरगुती वापराला तो पुरतो असं माझं मत आहे.

सेफ मोड, मग स्वच्छ काढणं

इथून पुढे काम थोडं जड. आधी एक इशारा: हल्लीच्या बऱ्याच लॅपटॉपची डिस्क बिटलॉकरने कुलूपबंद असते, आणि सेफ मोडकडे जाताना ४८ अंकी रिकव्हरी की मागितली जाऊ शकते. ती बहुधा तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात असते. आधी फोनवर ते खातं उघडून की हाताशी आहे याची खात्री करा, नाहीतर या पायरीला जाऊ नका.

शिफ्ट दाबून धरत रीस्टार्ट करा. ट्रबलशूट, ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स, स्टार्टअप सेटिंग्ज, रीस्टार्ट, मग ५ दाबा. हा नेटवर्कसह सेफ मोड. शक्यतो लॅन केबल लावा. इथे बाहेरचे बहुतेक प्रोग्राम चढत नाहीत. इथे नेट चाललं आणि एरवी चालत नाही, तर दोष राउटरचा किंवा वाय-फाय कार्डाचा नाही, नंतर टाकलेल्या कशाचा तरी आहे हे ठरलं.

मग अँटिव्हायरस काढायचा. लायसन्स की वहीत लिहून घ्या. कंपनीच्याच साइटवरून तिचं खास काढण्याचं साधन आधी उतरवून ठेवा, कारण साध्या अनइन्स्टॉलने नेटमध्ये बसवलेला त्याचा ड्रायव्हर कधी कधी मागे राहतो. अनइन्स्टॉल, रीस्टार्ट, मग ते साधन, पुन्हा रीस्टार्ट. त्यानंतर काळी खिडकी "रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर" ने उघडून "नेटश विनसॉक रीसेट" (netsh winsock reset) द्या आणि आणखी एकदा रीस्टार्ट. नेटच्या वाटेत अडकलेल्या जुन्या कड्या याने सुटतात. नेट आलं तर तोच अँटिव्हायरस ताज्या आवृत्तीत पुन्हा टाकून पहा. पुन्हा गेलं तर त्याचा नाद सोडा. डिफेंडर चालू झालाय ना, हे मात्र डोळ्यांनी बघून घ्या.

तरीही नाही जमलं तर सेटिंग्जमधलं "नेटवर्क रीसेट". याने सगळे नेटवर्क कार्ड काढून पुन्हा बसवले जातात. वाय-फायचे पासवर्ड पुन्हा टाकावे लागतात, व्हीपीएन पुन्हा बसवावं लागतं. पासवर्ड माहीत नसेल तर आधी फोनमधून बघून घ्या.

इथे थांबा

लॅपटॉप कंपनीचा असेल तर तीन पिंगच्या पुढे जाऊ नका. त्यावरचे नियम ऑफिसच्या आयटीने लावलेले असतात. ते काढणं तुमच्या नोकरीला बाधेल. त्यांनाच फोन करा.

प्रॉक्सी पुन्हा पुन्हा परत येते, अँटिव्हायरस आपोआप बंद होतो, त्याच्या कंपनीची साइट तेवढी उघडत नाही, किंवा सर्टिफिकेटवर अनोळखी नाव दिसतं: हा संसर्ग समजा. वाय-फाय बंद करा, त्या लॅपटॉपवर बँक उघडू नका, दुसऱ्या यंत्रावरून महत्त्वाचे पासवर्ड बदला आणि जाणकाराला बोलवा. नेटवर्क रीसेटनंतरही नेट नसेल, किंवा निळा पडदा येऊ लागला असेल, तरी स्वतःचे प्रयोग थांबवा.

जाणकाराचा नंबर मात्र गूगलवर "अँटिव्हायरस कस्टमर केअर" असं शोधून घेऊ नका. तिथे खोटे नंबर पेरलेले असतात. फोन उचलणारा स्क्रीन बघायचं ॲप टाकायला सांगतो आणि खातं रिकामं करतो. नंबर अँटिव्हायरसच्या खिडकीतल्या "हेल्प" मधून घ्या. पैसे गेलेच तर त्याच मिनिटाला १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा.

ओळखीचा दुरुस्तीवाला येणार असेल तर तीन पिंगच्या निकालाचे फोटो, लॉगमधल्या त्या वेळेच्या ओळी आणि तुम्ही काय काय बंद केलं होतं याची यादी तयार ठेवा. बिटलॉकरची की आणि अँटिव्हायरसची लायसन्स की शोधून ठेवा. माझ्या हातात कुणी हे दिलं तर निम्मा वेळ वाचतो, आणि लॅपटॉप फॉरमॅट करायची वेळ सहसा येत नाही.